नव्या कामगार संहिता : पगारपत्रक करताना या चुका टाळा

२१ नोव्हेंबर २०२५ ला चारही कामगार संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत सामावले. तरी भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांत अजून तेच ऐकू येतं : "नियम येऊ देत, मग बघू." असं थांबणं महागात पडतं.

सगळ्यात मोठा घोळ ५० टक्क्यांचा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एक्सेल शीट उघडायची, बेसिक एकूण पगाराच्या निम्म्यावर आणायचं आणि काम झालं म्हणायचं. या घाईचा मला मनापासून राग येतो, कारण कायदा बेसिक वाढवा असं म्हणतच नाही. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन, मालकाचा पीएफचा वाटा या वगळलेल्या रकमा मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेल्या, तर वरचा भाग वेतनात धरायचा. 'स्पेशल अलाउन्स' तर त्या यादीतच नाही.

समजा एकूण ४०,००० आहेत. बेसिक १२,००० आणि वगळलेले भत्ते २८,०००. निम्म्यावरचे ८,००० परत वेतनात येतात, वेतन २०,००० होतं. १५/२६ च्या हिशेबाने (महिना २६ दिवसांचा धरून १५ दिवसांचं वेतन) एका वर्षाची ग्रॅच्युइटी ६,९२३ वरून ११,५३८ वर जाते. वगळलेल्या रकमांचा मी वेगळा रकाना ठेवते आणि तो दर महिन्याला तपासते, कारण ओव्हरटाइम जास्त झाला की गणित बदलतं.

दुसरी चूक फुल अँड फायनलची, म्हणजे नोकरी सुटताना करायच्या शेवटच्या हिशेबाची. राजीनामा असो की कामावरून काढणं, देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटरने राजीनामा दिला. अकाउंट्सवाले म्हणाले, "आपल्याकडे ४५ दिवसांची पद्धत आहे." नो-ड्यूजच्या, म्हणजे कामगाराकडे काही येणं बाकी नसल्याच्या, कागदावर स्टोअरची सही नव्हती, कारण एका व्हर्नियरची (मोजमापाच्या उपकरणाची) नोंद सापडत नव्हती आणि स्टोअरकीपर गावी गेला होता. त्या एका सहीपायी माणसाचा पूर्ण महिन्याचा पगार अडला, त्याच्या मुलीची शाळेची फी थकली. शेवटी मालकांनाच फोन करून पैसे सोडायला लावले. व्हर्नियर दुसऱ्या शिफ्टच्या कपाटात निघाला.

म्हणून राजीनामा हातात पडला त्याच दिवशी मी नो-ड्यूज फिरवायला लावते. शेवटच्या दिवसाची वाट बघत नाही. ग्रॅच्युइटीला ३० दिवस आहेत, पण तेवढ्यासाठी पगार अडकवून ठेवू नका.

बाकीच्या थोडक्यात.

नियुक्तीपत्र सगळ्यांना द्या. ज्या जुन्या कामगारांना ते कधी मिळालंच नाही, त्यांच्यासाठी संहितेत तीन महिन्यांची मुदत होती.

ओव्हरटाइम दुप्पट दराने. "जेवण देतो ना" हे उत्तर नाही.

ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी लागू होते. अकरा महिन्यांचे करार पुन्हा पुन्हा करून ती चुकवायचा सल्ला कोणी दिला, तर त्या सल्लागाराकडे पुन्हा जाऊ नका.