जांभळं ब्रेक ऑइल गाडीत घालण्याआधी

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा चिपळूणच्या माझ्या गॅरेजला आला. हातात जांभळ्या ऑइलची बाटली. "दादा, डॉट ४ काढा आणि हे डॉट ५ टाका, त्याच्यापेक्षा भारी आहे." मी आधी त्याच्या मास्टर सिलिंडरचं, म्हणजे लिव्हर दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या भागाचं, झाकण फडक्याने पुसलं. फक्त डॉट ४ वापरा, असं त्यावर स्पष्ट कोरलेलं. पुढच्या डिस्कला लागून एबीएसची, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, भोकाभोकांची रिंग. बाटली त्याच्या सॅकमध्ये परत ठेवायला लावली.

घोळ सगळा डॉटच्या, म्हणजे ब्रेक ऑइलच्या प्रतीच्या, आकड्यांचा आहे. डॉट ३, ४ आणि ५.१ ही एकाच घराण्यातली, ग्लायकॉलची ऑइलं. डॉट ५ हे सिलिकॉनचं, घराणंच वेगळं. ५ आणि ५.१ मध्ये फक्त टिंबाचा फरक दिसतो, पण ती एकमेकांत मिसळत नाहीत. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, डॉट ५ चा २६०, म्हणून लोक भुलतात. डॉट ५.१ लाही तेच २६० मिळतात, आणि त्यासाठी सिलिकॉनच्या वाटेला जावं लागत नाही.

मीही एकदा भुललो होतो. माझ्या जुन्या पल्सरचं ऑइल कमी दिसलं म्हणून वरून जांभळं ओतलं. काही दिवसांनी पाटणहून येताना कुंभार्ली घाटात लिव्हर मुठीला टेकला. पहिल्या गिअरवर, मागचा ब्रेक दाबत पोफळीपर्यंत कसाबसा उतरलो. डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर खोलला तर तळाशी चिकट गाळ साचलेला. तेव्हापासून भर घालण्यापुरतंसुद्धा दुसरं ऑइल मी कुणाच्या गाडीत टाकत नाही.

सिलिकॉन वाईट आहे असं मात्र नाही. ते पाणी शोषत नाही आणि पेट्रोलच्या टाकीचा रंग खात नाही. वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या वाहनांसाठी अमेरिकी लष्कराने १९८० च्या दशकात तेच घेतलं, आणि हार्ले डेव्हिडसनच्या जुन्या मॉडेलांत कंपनीच ते भरत असे. पण आमच्या कोकणातल्या दमट हवेत आत शिरलेलं पाणी या ऑइलात विरघळत नाही. ते जड, म्हणून खाली कॅलिपरमध्ये जाऊन बसतं. तिथे गंज धरतो, आणि घाटात कॅलिपर तापला की ते पाणी १०० अंशांच्या आसपासच उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. एबीएस असेल तर विषयच संपला, कारण त्याच्या झपाझप उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये सिलिकॉनला फेस येतो.

तेव्हा झाकणावर डॉट ५ लिहिलेली जुनी गाडी, किंवा बिनएबीएसची, वर्षातून चारदा बाहेर निघणारी हौसेची गाडी, एवढ्यांसाठीच पुढचं वाचा.

आत काय आहे ते कळत नसेल तर सिरिंजने थोडं ऑइल काचेच्या बाटलीत काढा, तेवढंच पाणी घाला, हलवा. ग्लायकॉल पाण्यात मिसळून जातं, सिलिकॉन वर वेगळं तरंगतं. नुसत्या रंगावर जाऊ नका, जुनं झालं की जांभळा रंग उडतो.

ग्लायकॉल काढून सिलिकॉन भरायचं तर नुसतं निपलमधून, म्हणजे कॅलिपरवरच्या हवा काढायच्या स्क्रूमधून, जुनं काढून चालत नाही. मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर दोन्ही पूर्ण खोला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. पेट्रोल अजिबात नको, त्याने ब्रेकचं रबर फुगतं. हवा मारून कोरडं करा. सगळी सीलं नवी, ऑइलची नळी म्हणजे होज नवा, तो जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टचे वॉशर नवे. सीलं बसवताना जे ऑइल भरणार त्याचंच बोट लावा.

आता सर्वात नाजूक काम. सिलिकॉन हवेचे बारीक बुडबुडे धरून ठेवतं, म्हणून बाटली हलवू नका. मास्टर सिलिंडरच्या भांड्याच्या कडेने, तुपाच्या धारेसारखं सावकाश ओता. लिव्हर पटापट पंप करायची सवय इथे सोडा. हळू दाबा, दाबून धरा, निपल पाव फेरा उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. पारदर्शक नळीत बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत हेच, आणि मधेमधे भांड्यातली पातळी बघत राहा. मग लिव्हर दोरीने बांधून गाडी रात्रभर ठेवा, सकाळी परत हवा काढा. लिव्हर डॉट ४ पेक्षा किंचित मऊ लागेल, तेवढं चालतं. दाबून धरल्यावर मुठीकडे सरकत गेला तर मात्र गाडी बाहेर काढू नका, गळती शोधा. पहिली चाचणी मोकळ्या जागी, चालण्याच्या वेगाने.

पॅडवर थेंब पडला तर पॅड बदला. पेट्रोलच्या टाकीला नवा रंग मारायचा असेल तर ती या कामापासून लांब ठेवा, सिलिकॉनचा हात लागलेल्या पत्र्यावर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. शेवटी झाकणावर "डॉट ५ सिलिकॉन" अशी पट्टी चिकटवा, पुढच्या मेकॅनिकसाठी. आणि दर दोन वर्षांनी कॅलिपरच्या निपलमधून थोडं ऑइल काढून बघा, तळाचं पाणी तिथूनच बाहेर येतं.