इस्टर बॉनेटचं स्किट बसवायचंय? आधी टोपी, मग संवाद

ब्रॉडवेवरच्या इस्टर बॉनेट कॉम्पिटिशनला तुमच्या नाटकाने नाव दिलंय आणि स्किट बसवायचं काम तुमच्याकडे आलंय असं धरून हे लिहितेय. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवे (मोठी व्यावसायिक थिएटर्स) आणि ऑफ-ब्रॉडवेच्या (त्याहून लहान थिएटर्स) आणि शिवाय दौऱ्यावर असलेल्या नाटकांच्या कंपन्या वसंतात साधारण सहा आठवडे प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांकडे मदत मागतात, लाल बादल्या घेऊन दाराशी उभ्या राहतात, आणि या सगळ्याचा शेवट म्हणून सोमवार-मंगळवार दुपारी शो होतो. त्यात कंपन्या एकामागून एक येऊन काही मिनिटांचं विनोदी स्किट किंवा गाणं नाहीतर डान्स करतात आणि शेवटी स्वतः बनवलेली भन्नाट टोपी, म्हणजे बॉनेट, स्टेजवर मिरवतात. परीक्षक बघतात, बक्षिसं देतात. सगळ्यात जास्त टाळ्या मात्र कोणी किती पैसे जमवले ते जाहीर होतं तेव्हा पडतात, आणि ते बरोबरच आहे.

कारण हे सगळं सुरू झालं 1987 मध्ये, पॅलेस थिएटरमध्ये चालू असलेल्या 'ला काज ओ फोल' या म्युझिकलच्या कंपनीत. पडद्यामागे, आपापसात, इस्टरच्या टोप्या करून. तेव्हा एड्सने थिएटरमधली माणसं भराभर जात होती, दिग्दर्शक आणि नृत्यदिग्दर्शक मायकेल बेनेट त्याच वर्षी वयाच्या 44 व्या वर्षी गेला. त्याच वर्षी कलाकारांच्या युनियनने इक्विटी फाइट्स एड्स ही मदतसंस्था सुरू केली, 1988 मध्ये निर्मात्यांनी ब्रॉडवे केअर्स काढली, आणि 1992 मध्ये दोन्ही संस्था एक झाल्या. आजही पैसा त्याच संस्थेकडे जातो, तिथून कलाकार-तंत्रज्ञांच्या औषधपाण्याला, घरभाड्याला आणि अमेरिकाभर एड्सच्या पेशंटसाठी काम करणाऱ्या संस्थांना. हा इतिहास सांगतेय तो भाषण म्हणून नाही, स्किट लिहिताना लागतो म्हणून. मित्रांच्या अंत्ययात्रेहून येऊन लोक टोप्या घालून नाचले, त्यामुळे या स्टेजवर मनसोक्त हसवायला लाजायचं नाही आणि मध्येच थांबून प्रवचनही द्यायचं नाही.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक कंपन्या आधी स्किट लिहितात आणि शेवटच्या आठवड्यात कोणाच्या तरी लक्षात येतं की अरे टोपी राहिली. मग टोपीवर नाटकाचा लोगो चिकटवतात, बाजूला चार पिसं, झालं. असं करू नका प्लीज. टोपी हा तुमच्या स्किटचा शेवटचा संवाद आहे, सगळ्यात मोठा पंच तोच, म्हणून तो आधी ठरवा आणि तिथून उलटं मागे या.

उदाहरण देते. स्विंग माहीतच असेल, कोरसमधल्या बऱ्याच जणांच्या जागा पाठ करून ठेवणारा आणि कोणी आजारी पडलं की ऐनवेळी उभा राहणारा कलाकार. समजा टोपी अशी ठरली की तिच्यावर तुमच्या कंपनीतल्या प्रत्येकाची छोटी बाहुली आहे, खऱ्या कॉस्च्युममध्ये, आणि ती टोपी स्विंगच्या डोक्यावर येते. आता स्किट आपोआप सुचतं बघा: प्रयोगाला अर्धा तास उरलाय, एकेकाचा फोन येतो की मी येत नाही, स्टेज मॅनेजर प्रत्येक वेळी स्विंग असलेल्या मुलीकडेच बघते, आणि ती एकटी पोरगी आधी दोन रोल, मग पाच, मग प्रेमगीतातली दोन्ही पात्रं, मग तलवारबाजीतले दोघेही करते. गर्दी वाढत वाढत एका क्षणी म्युझिक बदलतं, टोपी येते, आणि अख्खी कंपनी तिच्या डोक्यावर. एक शब्द बोलायची गरज नाही. हेच जर आधी स्किट लिहून केलं असतं तर शेवटी टोपी नुसती शोभेला आली असती.

टोपी ठरली की स्किटमध्ये एकच कल्पना ठेवा. एकच. कंपनीत वीस जण असतात आणि वीस जणांना वीस जोक सुचतात, सगळे चांगले असतात, तरी बाकीचे बाजूला ठेवायची हिंमत कोणीतरी एकाने करायची, म्हणून लिहिणारे दोन-तीनच ठेवा. लिहिणारे स्टारच हवेत असं मुळीच नाही, उलट कोरसमधले, अंडरस्टडी (मुख्य भूमिका पाठ करून ठेवणारे बदली कलाकार), कपडे बदलून देणारे ड्रेसर, ऑर्केस्ट्रातले, प्रेक्षकांना जागा दाखवणारे अशर यांच्याकडे खरा मसाला असतो कारण ते रोज बाजूला उभं राहून सगळं बघतात. पहिल्या वीस-तीस सेकंदात आपण कुठे आहोत, कोण आहे आणि गोची काय आहे हे कळलंच पाहिजे. सेट नसतो, वेळ नसतो, आणि तुमच्या आधीच्या कंपनीने हसवून सोडलेला प्रेक्षक अजून त्यांच्याच स्किटमध्ये असतो.

विनोद कोणावर करायचा? स्वतःवर, आपल्याच नाटकावर. रिव्ह्यू वाईट आलेत, सेट अडकतो, दुसरा अंक लांबलाय, तीन तासांचं नाटक आहे, हे तुम्हीच म्हणालात तर हॉल कोसळतो. दुसऱ्याच्या नाटकाची टर उडवायची तर ते नाटक जोरात चालू असेल तरच, बंद पडायची नोटीस लागलेल्या नाटकावर जोक नको, ती माणसं समोर खुर्चीत बसलेली असतात आणि त्यांची नोकरी जातेय. आणि आजारावर, आजारी माणसावर अजिबात नाही, पैसे कशासाठी जमतायत ते आठवा. बाकी टुरिस्ट, तिकिटांचे भाव, ऑडिशन, विंगेतली कपडे बदलायची धावपळ हे विषय कधीच जुने होत नाहीत, फक्त तुमच्या नाटकातला नेमका तपशील घाला. 'कपडे बदलायला वेळ नसतो' हा जोक नाही, पण 'अकरा सेकंदात राणीची भिकारीण व्हायचं आणि बुटाची नाडी सुटत नाहीये' हा आहे.

प्रेक्षकांत धंद्यातली माणसं भरपूर असतात, पण नाटकवेडे साधे प्रेक्षकही असतात, त्यामुळे ज्या जोकला ड्रेसिंग रूममध्ये लोक लोळून हसले तो बाहेरच्या एखाद्याला ऐकवून बघा. त्याला समजावून सांगावं लागलं तर काढून टाका.

गाण्याचं विडंबन करत असाल तर चाल सगळ्यांना माहीत असलेली घ्या आणि शब्द मोकळे ठेवा. घाईत प्रत्येक मात्रेवर एक शब्द कोंबतात आणि मग एकही ऐकू येत नाही. कोरसने एकत्र गायच्या ओळीत जोक ठेवू नका, जोक एकट्याला द्या, कोरसने फक्त त्यावर शिक्का मारायचा. हशा येईल तिथे थांबायची जागा ठेवा आणि वेळ मोजताना तीही धरा, तालमीत दिलेल्या वेळेपेक्षा अर्धा मिनिट कमीच बसलं पाहिजे. नाटकात मोठा स्टार असेल तर त्याला छोटंसं काम द्या आणि उशिरा आणा, बादली घेऊन नुसता क्रॉस झाला तरी टाळी घेऊन जातो.

तालमीला वेळ कुठून आणायचा हा खरा प्रश्न. आठवड्याला आठ प्रयोग असतात, म्हणून दोन प्रयोगांच्या दिवशी मधल्या वेळात लॉबीत, जिन्यात, मिळेल तिथे बसवायचं. उड्या, एकमेकांना उचलणं, घसा फोडून गाणं असलं काही नको, मंगळवारी दुपारी हे करून रात्री परत नेहमीचा प्रयोग उभा करायचा असू शकतो. मला तर वाटतं कमी हालचाल आणि अचूक टायमिंग यानेच स्किट जास्त हसवतं.

आता टोपीची बांधणी, आणि इथे जरा नीट वाचा. डोक्यावर थेट पुठ्ठा आणि गोंद असं करू नका. आतून बांधकामावरच्या हेल्मेटचा किंवा सायकल हेल्मेटचा सांगाडा घ्या, त्याला मापाने घट्ट करायचा पट्टा असतो. त्यावर ॲल्युमिनियमच्या तारेचा हलका साचा, वर फोम, मग कापड. गरम गोंदावर एकट्यावर विसंबू नका, लाइटखाली तो मऊ पडतो, महत्त्वाचे जोड तारेने किंवा प्लास्टिकच्या टायने बांधा. उंचीपेक्षा तोल बघा, जड वस्तू खाली आणि मधोमध, वरती फक्त हलकं. हनुवटीखालची रिबन दिसायला नाजूक ठेवा पण तिच्या आतून खरा पट्टा जाऊ दे. फारच मोठी होत असेल तर वजन डोक्यावर नको, पाठीवरच्या बॅगेसारख्या पट्ट्यांवर घ्या. दिवे लावायचे तर एलईडी आणि बॅटरीचा डबा कमरेला, आणि स्विच घालणाऱ्याच्या हाताला लागेल असा. काही उघडणार, फिरणार, उडणार असेल तर एकच हालचाल ठेवा, दोरी ओढली की झालं इतकी साधी, मोटर ऐनवेळी दगा देते.

टोपी घालणारा माणूस पाहुणा म्हणून शेवटच्या दिवशी धरून आणू नका. डोक्यावर हंडा घेणारी बाई जशी मान न हलवता कमरेतून चालते तसं चालायला यावं लागतं, वळायला वेळ लागतो, जिना उतरताना पाय दिसत नाहीत. म्हणून निदान सांगाडा तयार झाला की लगेच तो घालून तालीम सुरू करा. टेपने विंगेतला दरवाजा आणि लिफ्टची उंची मोजून घ्या, वरचा भाग सुटा ठेवता आला तर उत्तम. आणि पुढचा भाग कपाळावर इतका उतरू देऊ नका की चेहऱ्यावर सावली पडेल, बाल्कनीतल्या माणसाला चेहरा दिसला पाहिजे.

पैशाचं काम यापेक्षा वेगळं समजू नका, तीच टीम करते. कर्टन कॉलनंतरचं, म्हणजे प्रयोग संपल्यावर कलाकार वाकून नमस्कार करतात त्यानंतरचं, आवाहन एका मिनिटात संपवा, रोज वेगळा कलाकार बोलला तर कंपनीचाही उत्साह टिकतो. संस्थेची सगळी माहिती सांगत बसू नका. हा पैसा कोणाच्या कामी येतो ते एका वाक्यात सांगा, मग 'बाहेर लाल बादल्या घेऊन आम्ही उभे आहोत' एवढं. मेकअप आणि कॉस्च्युममध्येच दाराशी जा, बादली छातीच्या उंचीला धरा, डोळ्यात बघून थँक यू म्हणा, नाणं टाकणाऱ्यालाही. सह्या केलेली पोस्टरं, स्टेजवर फोटो, पडद्यामागची फेरी अशा गोष्टींना मोठी रक्कम देणारे लोक रोज एक-दोन तरी निघतात, त्यासाठी एक माणूस वेगळा ठेवा. काही वर्षांत सगळ्यांनी मिळून या सहा आठवड्यांत 50 लाख डॉलरच्या वर जमवलेत, ते अशाच पाच-दहा डॉलरच्या नोटांतून. मोजायला नेहमी दोघं बसा, आकडा त्याच रात्री लिहून सह्या करा, आणि दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डवर लावा, आकडा रोज दिसला की न बोलणारेही बादली मागून घेतात.

स्पर्धेच्या दिवशी टोपीसोबत दोन माणसं द्या, एक उचलायला आणि एक दरवाजे उघडायला. सोबत तार, टाय, सुई-दोरा, कात्री, जादा बॅटऱ्या. सोमवारचा शो झाला की कुठे हसले आणि कुठे गप्प होते ते लगेच लिहून काढा, मंगळवारसाठी दोन ओळी कापायला ती एक संध्याकाळ पुरते.