गजर वाजला, कथा झोपलेलीच! सुरुवातीच्या या चुका टाळा

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा मी काही वर्षं चाळते आहे. पावसाळा सुरू झाला की गठ्ठे येऊ लागतात आणि त्यातल्या बऱ्याच कथांत पहिल्याच ओळीला गजर वाजतो. नायिका कूस बदलते, खिडकीतून कोवळं ऊन येतं, मग चहा. चहात आलं आहे हेसुद्धा कळतं. कथा कशाची आहे ते कळायला मात्र तिसरं पान उजाडतं.

समजा, तिसऱ्या पानावर हे वाक्य आहे: ‘ओवाळून झालं तसा दादाने पिशवीतून हक्कसोडपत्राचा कागद काढला.’ भाऊबीज, पाटावर बसलेला भाऊ, ताटातलं निरांजन अजून जळतंय आणि वडिलोपार्जित मालमत्तेतला वाटा सोडल्याची बहिणीची सही हवी आहे. अहो, कथा इथे आहे! तुम्ही ती गजराखाली गाडून ठेवलीत.

उपाय सोपा आहे, पण जिवावर येतो. ज्या ओळीत पात्राची रोजची घडी विस्कटते ती शोधा आणि तिच्या वरचा सगळा मजकूर दुसऱ्या फाइलीत हलवा. दोन दिवसांनी उरलेली कथा वाचा. जे अडेल तेवढंच परत आणा. बहुतेक वेळा दोन-तीन वाक्यं परत येतात. चहा येत नाही.

दुसरी चूक बायोडेट्याची. सुमन, वय बेचाळीस, गव्हाळ वर्ण, दोन मुलं, नवरा बँकेत. लग्नाच्या स्थळासाठी ठीक आहे हो. त्यातच कुणी हक्कसोडपत्र म्हणजे काय ते समजावतं, महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला आणि २००५ साली केंद्राचा कायदा आला, तेही सांगून टाकतं. माहिती खरी आहे, जागा चुकली. तीच माहिती सुमनच्या तोंडी, दादासमोर, आवाज कापत असताना आली तर वाचक ती तारीख विसरणार नाही.

ओळख किती लागते ते श्रावणातल्या कहाण्यांकडून शिकावं. शिवामुठीची कहाणी आठवा: आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. त्याला चार सुना होत्या. तीन आवडत्या, एक नावडती. झाले १५ शब्द. राजाचं नाव नाही, राजवाड्याचं वर्णन नाही, पण त्या ‘नावडती’ने घरातला अन्याय समोर ठेवला. पुढे तिला उष्टं जेवण आणि गुरं राखायचं काम मिळतं, तोवर आपण तिच्या बाजूने भांडायला तयार असतो.

म्हणून पहिल्याच ओळीत मुडदा पाडा असं नाही. तीही चूकच, कारण मुडदा पाडून लेखक लगेच ‘वीस वर्षांपूर्वी’ म्हणत कॉलेजच्या कट्ट्यावर निघून जातात आणि प्रेत तिथेच पडून राहतं. पहिल्या ओळीत जे टांगलं, त्याला पुढच्या परिच्छेदात निदान हात तरी लावा. संथ सुरुवात मला चालते. फक्त कुणाला तरी काहीतरी हवं असावं आणि ते सहज मिळणार नाही अशी शंका यावी.

बाकी दोन चुका पटकन. पानभर नुसतं ‘ती’ लिहून नाव दडवलं की गूढ वाढत नाही, वाचक गोंधळतो. आणि ‘दचकून जाग आली, स्वप्न होतं’ यावर मी तरी पान उलटते.

कुठे बिघडलंय ते कळत नसेल तर मोठ्याने वाचा. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करायचे, तेव्हा कंटाळलेलं सभागृह डोळ्यांसमोरच चुळबुळलं असतं. तुमच्याकडे सभागृह नसेल, पण स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलेलं कुणीतरी असेल. त्यांना पहिलं पान ऐकवा, ‘कशी वाटली?’ विचारू नका. मध्येच थांबा. ‘मग पुढे?’ असं आपणहून आलं तर पुढचं पान घ्या. ‘कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?’ असं आलं, तर त्या जागी पेन्सिलने रेघ मारा आणि तिथूनच कापायला लागा.