पुण्याहून निघण्यापूर्वी समुद्राचा अंदाज कसा वाचावा

पुण्यातील हौशी नौकाविहारी मंडळींची खरी अडचण हवामानाच्या आधी सुट्टीपासून सुरू होते. शनिवार-रविवार महिनाभर आधी ठरलेला असतो, होडी सांगून ठेवलेली असते, ताम्हिणी उतरून पहाटे किनारा गाठलेला असतो, आणि एवढे सगळे जुळून आल्यावर समोरचे पाणी थोडे खवळलेले दिसले तरी 'आलोच आहोत तर एक फेरी मारू' असे कोणीतरी म्हणतेच. खडकवासल्यात किंवा पवना धरणात वल्हे मारण्याची सवय असलेल्यांना तर समुद्राचा धाक आणखी कमी वाटतो. म्हणून जायचे की नाही हा निर्णय शक्यतो पुण्यातच, कागदावर घ्यावा, आणि तो घेताना निघण्याच्या वेळेपेक्षा परतीच्या वेळेचा विचार आधी करावा. पुढील क्रम किनाऱ्यापासून चार-पाच समुद्री मैलांच्या आत, लहान होडीतून जाणाऱ्यांसाठी आहे.

पहिली पायरी: मोसम पाहावा

जून ते सप्टेंबर हा काळ सरळ वगळावा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाच बंदी असते आणि परंपरेने कोळी बांधव नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात लोटतात. ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते थांबतात, तेव्हा हौसेने जाण्यात काही अर्थ नाही. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत भरवशाचा असतो. मार्च-एप्रिलमध्ये सकाळ चांगली जाते, पण दुपारचा वायव्येचा वारा चांगलाच जोर धरतो.

मे ते जूनची सुरुवात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे दिवस. नोव्हेंबर २००९ मधील फयान, ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेले निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते ही तिन्ही वादळे याच काळातील आहेत. तौक्ते जमिनीवर आले ते गुजरातमध्ये; तरीही कोकण किनाऱ्याला समांतर जाताना त्याने केलेले नुकसान सर्वांनी पाहिले. तेव्हा आग्नेय अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली, की ते आपल्याकडे येणार की ओमानकडे वळणार याची चर्चा करत न बसता सहल पुढे ढकलावी.

दुसरी पायरी: इशारे वाचावेत

शिवाजीनगरला हवामान विभागाचे मोठे कार्यालय आहे आणि १९२८ मध्ये ते शिमल्याहून इथे आले म्हणून तो चौक आजही शिमला ऑफिस म्हणूनच ओळखला जातो. पण पुणे शहराचा अंदाज समुद्रासाठी कामाचा नाही. मध्ये सह्याद्री आहे आणि आपण साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत. पुण्यात निरभ्र आकाश असताना दापोली-हर्णैच्या किनाऱ्यावर वारा सुटलेला असू शकतो. पाहायचा तो हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा. पुढील काही दिवसांचा इशारा त्यात तारीखवार दिलेला असतो. त्यासोबत हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेचा सागरस्थितीचा अंदाज पाहावा. लाटांची उंची, लाटांचा कालावधी (दोन लाटांमधील वेळ), वारा आणि प्रवाह यांची माहिती तिथे किनाऱ्यानुसार मिळते.

इशाऱ्यात 'ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५' असे शब्द असतील तर विषय तिथेच संपतो, कारण हा वारा २४ ते ३० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक समुद्री मैल) झाला. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तरीही तसेच. त्या बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे, असा त्याचा अर्थ. इशारा नसेल तेव्हा मात्र आकडे स्वतः तपासावे लागतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १० नॉटचा वारा २० नॉट झाला की दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. लहान होडी आणि नवखे सोबती असतील तर सलग वाऱ्याची मर्यादा १२ नॉट धरावी, असे माझे मत आहे. अनुभवी लोक याला भित्रेपणा म्हणतील, म्हणोत. काही संकेतस्थळांवर वेळ जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते. तिच्यात साडेपाच तास मिळवण्यास विसरू नये.

तिसरी पायरी: लाटेची उंची आणि कालावधी एकत्र वाचावेत

अंदाजात दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. सुमारे हजार लाटांत एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट निघते. आठ सेकंदांनी एक लाट येत असेल तर हजार लाटा सव्वादोन तासांत होतात, म्हणजे '१ मीटर' वाचून निघालेल्या माणसाला एका सकाळीच २ मीटरच्या आसपासची लाट भेटणे स्वाभाविक आहे.

कालावधी हा आकडा बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि घात तिथेच होतो. चार-पाच सेकंदांच्या लाटा जवळच्या वाऱ्याने उठवलेल्या असतात. त्या होडी हलवतात, अंग भिजवतात, पण दिसतात. चौदा-सोळा सेकंदांची लाट मात्र दक्षिणेकडील महासागरात कुठेतरी उठून दिवसेंदिवस प्रवास करत आलेली असते. खोल पाण्यात ती नुसती संथ उचलते आणि खाली सोडते, वारा पडलेला असल्याने समुद्र शांत भासतो. तीच लाट उथळ पाण्यात शिरली की उंच होते. साधारणपणे पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीपेक्षा लाट उंच झाली की फुटते. म्हणजे दीड मीटरची लाट सुमारे दोन मीटर पाण्यात फुटणार. खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर ओहोटीला नेमके तेवढेच पाणी असू शकते.

चौथी पायरी: भरती-ओहोटीचा हिशेब मांडावा

वेळापत्रक इन्कॉइसकडे मिळते आणि तेच वापरावे. पण कोकणातील जुना हिशेब पाठ असलेला बरा, कारण मोबाइलला रेंज नसली तरी तिथी माहीत असते. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या आसपासच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्याच्या सहा तास आधी, नऊच्या सुमारास, पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटीचे सर्वांत कमी पाणी. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचे. दक्षिणेकडे ही वेळ थोडी आधी येते. पाण्याची चढ-उतारही दक्षिणेकडे कमी होत जाते: मुंबईत मोठ्या उधाणाला भरतीचे पाणी साडेचार मीटरच्या वर जाते, तर मालवणकडे ते याच्या निम्म्याच्या आसपास राहते.

हा हिशेब दुपारच्या वाऱ्याशी ताडून पाहिला, की दिवस कसा जाईल ते कळते. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो आणि पाणी सपाट असते. अकरा-बाराच्या सुमारास तो पडतो आणि समुद्राकडून येणारा खारा वारा सुरू होतो. तीन-चार वाजता तो सर्वांत जोरात असतो. आता चतुर्थीचा दिवस घ्या. तीनला भरती संपते, खाडीतील पाणी बाहेर पडू लागते, आणि ओहोटीची खरी ओढ तिसऱ्या-चौथ्या तासात, म्हणजे पाचनंतर लागते. वारा मात्र अजून समुद्राकडून आत येत असतो. पाणी बाहेर आणि वारा आत अशी गाठ पडली, की मुखाशी लाटा आखूड, उभ्या आणि एकमेकींना लागून येतात. दोन तासांपूर्वी सहज ओलांडलेली तीच जागा आता ओळखू येत नाही. दाभोळ, जयगड, बाणकोट येथील नद्यांच्या मुखांशी हे विशेष जाणवते. त्या दिवशी अडीच-तीनच्या आत, भरतीच्या शेवटच्या पाण्यावर खाडीत शिरावे.

एकादशीला चित्र वेगळे असते. भरती सव्वाआठला, सुकती अडीचच्या सुमारास आणि नंतर पुन्हा भरती. म्हणजे चार वाजता पाणी आणि वारा दोन्ही आतल्या दिशेने. शिवाय भांगेच्या, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरतीच्या, आसपासचे दिवस असल्याने ओढही बेताची. फक्त अडीच वाजता वाळूच्या दांड्यावर पाणी सर्वांत कमी असते, तेव्हा तासभर बाहेर थांबून मगच आत यावे. तारीख निवडण्याची मुभा असेल तर नवख्यांनी असा दिवस निवडावा.

पाचवी पायरी: परतीपासून उलटे मोजावे

खाडीत शिरण्याची शेवटची वेळ ठरली, की त्यातून परतीच्या प्रवासाचा काळ वजा करावा, आणि हा काळ जाताना लागलेल्या वेळेच्या दीडपट धरावा, कारण येताना वारा-लाटा प्रतिकूल असण्याची शक्यता मोठी. जे उत्तर येईल ती वळण्याची वेळ. ती कागदावर लिहून होडीतील प्रत्येकाला सांगावी आणि किनाऱ्यावरील एका माणसाकडे परतीच्या वेळेसह ठेवावी.

सहावी पायरी: जेटीवर पुन्हा तपासावे

निघण्याआधी अर्धा तास मुखाकडे नुसते पाहत उभे राहावे. एखाद-दुसऱ्या लाटेच्या माथ्यावर पांढरा फेस दिसत असेल तर वारा सात ते दहा नॉटचा आहे. फेस सर्वत्र वारंवार दिसू लागला, की अकराच्या पुढे गेला असे समजावे. मोठ्या लाटा गटाने येतात, त्यामुळे पाच मिनिटांच्या शांततेवर विश्वास ठेवू नये. तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, 'जाऊ का?' असे विचारले तर तो पाहुण्यांचे मन मोडत नाही. 'काका, तुमची होडी आज कितीला गेली आणि कितीला येणार?' असे विचारल्यास खरे उत्तर मिळते.

हवेचा दाब मोजणारा सेन्सर मोबाइलमध्ये असेल तर किनाऱ्यावर पोहोचल्यावरच पहिली नोंद करावी. पुण्यातील ९५० हेक्टोपास्कलशी तिथल्या १०१० ची तुलना होत नाही. आपल्याकडे दाब रोज सकाळी दहाला चढतो आणि दुपारी चारला उतरतो, तेवढा उतार नेहमीचाच. कालच्या याच वेळेपेक्षा तो तीन हेक्टोपास्कलने खाली असेल तर मात्र जाऊ नये.

ऑक्टोबर आणि मेमध्ये पाठीमागेही पाहावे. दुपारी सह्याद्रीवर उभे राहिलेले ढग संध्याकाळी किनाऱ्याकडे सरकतात आणि पावसाआधी अचानक थंड वाऱ्याचा झोत येतो. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' अ‍ॅप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. गडगडाट कानावर आला, की लगेच वळावे.

जीवरक्षक जॅकेट जेटीवरच अंगावर चढवावे, बसायची गादी म्हणून वापरू नये. व्हीएचएफ (बिनतारी संदेशाचा) संच असल्यास तो १६ क्रमांकाच्या वाहिनीवर ठेवावा, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फक्त होडी चालवणाऱ्याच्या नव्हे, सर्वांच्या मोबाइलमध्ये नोंदवून घ्यावा.