पाइप बेंडर घरी बनवताय? जॅक बदलण्याआधी खाच तपासा आणि या चुका टाळा

आगोटीची कामं निघाली की कोकणात पाइप वाकवायची गरज पडतेच. पडवीपुढच्या प्लास्टिकला कमानी हव्या असतात, कलमांच्या रोपवाटिकेचं शेडनेट नव्यानं उभं करायचं असतं, कुणाला गेटवर गोलाई हवी असते. पुढे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्यांवरच्या ताडपत्रीच्या कमानी दुरुस्तीला येतात. एवढ्यासाठी तयार हायड्रॉलिक बेंडर विकत घेणं परवडत नाही. मग दोन चॅनेल, एक बॉटल जॅक आणि भंगारातली पुली घेऊन तो घरीच उभा केला जातो, आणि ते योग्यच आहे. अडतं ते पहिल्या पाइपवर. तो मधेच चपटा होतो, आणि लोक मोठा जॅक आणायला धावतात. माझं स्पष्ट मत आहे की दहातल्या नऊ बेंडरमध्ये जोर पुरेसा असतो, खोट असते ती पाइपला धरणाऱ्या खाचेत.

पाइप वाकताना त्याची बाहेरची बाजू ताणली जाऊन पातळ होते आणि आतली दाबली जाते. दोन्ही बाजू एकमेकींकडे सरकू बघतात आणि मधे पोकळी असल्यामुळे त्यांना अडवणारं काही नसतं. पपईचा पोकळ देठ हातात धरून वाकवला की जसा मधेच दबून मोडतो, तसंच. त्या वेळी पाइपच्या दोन्ही कुशी बाहेर फुगतात. त्या कुशींना फुगू दिलं नाही तर पाइप गोल राहतो, आणि ते काम डायच्या, म्हणजे जॅकवर बसून पाइपला मधोमध ढकलणाऱ्या गोलाईच्या ठोकळ्याच्या, खाचेचं.

माप विचारताना होणारी चूक

‘एक इंची पाइप’ ऐकून 25 मिमीची खाच कापून घेणारे खूप भेटतात. पाण्याचा जी.आय., म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पाइप आतल्या नाममात्र मापावर विकला जातो. एक इंची पाइपचा बाहेरचा व्यास 33.7 मिमी असतो, पाऊण इंचीचा 26.9 आणि अर्धा इंचीचा 21.3. फर्निचरची गोल ट्यूब मात्र बाहेरच्या मापावर मिळते, म्हणजे तिथली एक इंची खरोखर 25.4 मिमी. म्हणून डाय बनवायच्या आधी पाइप हातात घ्या, व्हर्नियर लावा आणि तोच तुकडा घेऊन लेथवाल्याकडे जा. जाडीही तिथेच बघून घ्या. जी.आय. पाइपवर पिवळा पट्टा म्हणजे हलका ए क्लास, निळा म्हणजे मध्यम बी आणि लाल म्हणजे जड सी. नवख्या हातानं निळ्या पट्ट्यापासून सुरुवात करावी.

पुलीची डाय

किनाऱ्याला जुन्या होडीच्या इंजिनाच्या आणि पंपाच्या पुल्या भंगारात सहज मिळतात. गोल असतात, खाच तयार असते, म्हणून मोह होतो. पण पट्ट्याच्या पुलीची खाच इंग्रजी व्ही आकाराची असते. गोल पाइप तिच्या तळाला टेकतच नाही, दोन तिरक्या भिंतींमध्ये पाचरीसारखा अडकतो आणि दोन रेषांवर चेमटतो. वाकलेल्या पाइपच्या आतल्या अंगाला दोन समांतर चकाकत्या रेघा दिसल्या तर ओळखा, दोष पुलीचा आहे. दुसरं म्हणजे अशा बहुतेक पुल्या बिडाच्या असतात. बीड वाकत नाही, तडकतं. जॅकच्या दाबाखाली तडकलेला तुकडा कुठे उडेल ते सांगता येत नाही. बिडाची पुली डाय म्हणून वापरूच नका.

डाय लेथवर कापून घ्या. एक इंची पाइपसाठी अर्धगोल खाच, रुंदी 34 मिमी, खोली 17. एवढी खोली असली की पाइपचा अर्धा घेर तिच्यात बसतो आणि कुशींना दोन्हीकडून आधार मिळतो. ‘थोडी सैल असलेली बरी’ म्हणून 36 ची खाच कापली की आतल्या बाजूला सुरकुत्या आल्याच. वाकाची त्रिज्या पाइपच्या मध्यरेषेपर्यंत मोजायची आणि ती बाहेरच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. घरच्या बेंडरला मी चौपट सांगेन, म्हणजे एक इंचीला साधारण 135 मिमी. लेथवाल्याला हा आकडा सांगताना ‘मध्यरेषेपर्यंत’ हा शब्द विसरू नका. खाचेच्या तळाशी तीच त्रिज्या 118 होते, आणि हा फरक न सांगितल्यामुळे डाय वाया गेलेल्या आहेत. अख्खी चकती लागत नाही, तिचा एक भाग पुरतो.

मधली डाय नीट करून बाहेरचे दोन रोलर, म्हणजे डायच्या दोन्हीकडे पाइप ज्यांना टेकतो ते आधार, सपाट ठेवणं ही याच चुकीची धाकटी बहीण. सपाट रोलर पाइपला एका रेषेवर टेकतो आणि तिथे पोचा पाडतो. त्यावर स्वस्त उपाय आहे. सव्वा इंची सी क्लास पाइपचा बाहेरचा व्यास 42.4 आणि जाडी 4 मिमी, म्हणजे आतून 34.4 मिमी. त्याचे वीतभर लांबीचे तुकडे उभे चिरा, अर्ध्या नळीला मागून पट्टी वेल्ड करा आणि ती पिनेवर फिरेल अशी बसवा. तुमचा एक इंची पाइप त्यात जेमतेम सैल बसतो. आत ग्रीस लावा, कारण वाकताना पाइप तिथून घसरत पुढे येतो.

बिघडलेला पाइप भंगारात टाकायच्या आधी उजेडात धरून बघा. मधोमध पोचा असेल तर डायची खाच किंवा त्रिज्या तपासा. पोचे दोन बाजूंना असतील तर रोलर. बाहेरच्या अंगाला चीर गेली असेल तर बहुधा पाइपचा जोड, म्हणजे लांबीतली वेल्डिंगची रेघ, ताणाच्या बाजूला आली होती. ती रेघ कुशीला ठेवायची, तिथे ताणही कमी आणि दाबही कमी. पाइप जमिनीवर ठेवल्यावर एक टोक उचललेलं राहत असेल तर त्यात पीळ पडलाय. तिन्ही आधार एका पातळीत नाहीत, गुण्या लावून फ्रेम तपासा.

पातळ फर्निचर ट्यूब, म्हणजे 18 गेजची 1.2 मिमी वगैरे, जॅकच्या मधल्या दाबानं सहसा नीट वाकत नाही. ती डायभोवती ओढून गुंडाळणारा बेंडर लागतो, नाहीतर आत वाळू भरावी लागते.

वाळू, आणि इथे जपा

दारात समुद्र असताना वाळू विकत कोण आणणार? पण पुळणीवरची वाळू पाइपात भरू नका. तिच्यात मीठ असतं. काम झाल्यावर कितीही ठोकलं तरी थोडी आत चिकटून राहते, हवेतला दमटपणा ओढते आणि पाइप आतून गंजतो. बाहेरून रंग शाबूत असतो म्हणून ते कळतही नाही. नदीची बारीक वाळू घ्या, चाळा आणि लोखंडी घमेल्यात चुलीवर चांगली भाजा. भाजत असताना वर थंड स्टीलची ताटली धरा. ताटलीवर वाफ धरत असेल तर वाळू अजून ओली आहे. ताटली कोरडी राहीपर्यंत भाजायची. मग पाइपाला एका टोकाला लाकडी खुंटी ठोका, वाळू भरा आणि लाकडी हातोडीनं बाजूनं ठोकत राहा. वाळू खाली बसते, पुन्हा भरायची. खाली बसायची थांबली की दुसरी खुंटी.

पाइप तापवून वाकवणार असाल तर दोन्ही टोकं वेल्ड करून कधीच बंद करू नका. ओल राहिली असेल तर आत वाफ कोंडते आणि पाइप फुटतो. एका खुंटीला आरपार छोटं भोक ठेवा आणि टोकांच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका.

जी.आय. पाइप शक्यतो तापवूच नका. वरचा जस्ताचा थर जळून पांढरा धूर येतो, आणि तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. पावसाळ्यात वाऱ्याची झड आत येते म्हणून पडवीला ताडपत्री लावून वेल्डिंग करतात, तेव्हा हा धूर कोंडून राहतो. वेल्ड करायच्या जागेचं जस्त आधी घासून काढा आणि दोन बाजू उघड्या ठेवा. आधी दूध प्यायलं किंवा गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, ही समजूत आहे. तिच्यावर विसंबू नका.

जॅक आणि फ्रेम

बी क्लासचा एक इंची पाइप, बाहेरच्या दोन आधारांमध्ये 400 मिमी अंतर, तर ढोबळ हिशेबानं टनाच्या आसपास जोर लागतो. अंतर निम्मं केलं की तो दुप्पट. म्हणजे 6 टनी जॅक भरपूर झाला. पण पाइप कुठे अडकला तर हाच जॅक सगळा जोर फ्रेमवर काढतो, म्हणून फ्रेम पाइपच्या हिशेबानं नव्हे, जॅकच्या हिशेबानं बांधा. पिनेच्या जागी आट्यांचा साधा बोल्ट घालू नका. 8.8 ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीचा, घ्या आणि भार त्याच्या आटे नसलेल्या कोऱ्या भागावर येईल असा बसवा. पावसात व्होल्टेज पडतं आणि वेल्डिंग रॉड ओल धरतात, तेव्हाचं वेल्ड वरून भरलेलं दिसतं पण आत शिरलेलं नसतं. भार घेणारे जोड उन्हाळ्यातच मारून घ्या.

डाय जॅकच्या रॅमवर, म्हणजे वर सरकणाऱ्या दट्ट्यावर, थेट वेल्ड करणं ही महागडी चूक. उष्णतेनं आतली सील जळतात आणि जॅक तेल सोडतो. डायच्या खाली पाइपचा आखूड तुकडा वेल्ड करा आणि तो रॅमवर टोपीसारखा बसू द्या. फ्रेमला वेल्डिंग करतानाही जॅक काढून ठेवा. साधा बॉटल जॅक उलटा टांगून चालत नाही, पंपात तेलाऐवजी हवा जाते. तो उभा ठेवून वर ढकलेल अशी रचना करा. दांड्याला लांब पाइप लावून जोर काढायचा मोह झाला तर थांबा आणि काय अडकलंय ते शोधा.

कोन आणि परतावा

दाब सोडला की पाइप थोडा परत उघडतो. साध्या लोखंडात हे 90 अंशाला दोन-चार अंश असतं, स्टेनलेसमध्ये जास्त. तुमच्या पाइपचा आकडा एका तुकड्यावर काढून डायवरच खडूनं नाही, पंचनं कोरा. जास्त वाकलेला पाइप हातोडीनं उलट ठोकून सरळ करू नका, पोचा तिथेच पडतो. 135 त्रिज्येच्या 90 अंशी वाकाला 212 मिमी पाइप लागतो (त्रिज्या गुणिले 1.57), त्याचा मध्य डायच्या मध्याशी जुळवा.

थंड वाकवला तरी जी.आय.चा थर वाकाच्या बाहेरच्या अंगाला तडकतो, आणि खाऱ्या हवेत गंज पहिला तिथेच धरतो. तारेच्या ब्रशनं घासून झिंकयुक्त प्रायमर त्याच दिवशी लावा. बेंडरच्या पिनांना ग्रीस भरा, आणि जॅक ठेवताना रॅम पूर्ण आत बसवा. उघड्या रॅमवर गंजाचे खड्डे पडले की पुढच्या मोसमात तेच खड्डे सील फाडतात.