गावचं खाजन "गेलं" म्हणजे नक्की काय गेलं, हे स्वतः कसं तपासायचं

खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून खारं पाणी अडवलेली सखल शेतजमीन. गोव्यात मांडवी-झुवारी नद्यांच्या काठच्या गावांत "आमचं खाजन गेलं" असं सगळेच म्हणतात, पण निसर्ग फुकटात देत होता त्यातलं काय गेलं नि कधी, हे कोणी मांडून ठेवत नाही.

आधी कॉम्प्युटरवर गूगल अर्थ प्रो टाका, फुकट आहे. वरच्या घड्याळाच्या बटणाने जुने फोटो दिसतात, मिळतील तेवढे सेव्ह करा. जानेवारीचा फोटो जानेवारीशीच लावून बघा हां, ऑगस्टमध्ये गोव्यात सगळंच हिरवं. मग सर्व्हे नंबरवरून एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबाराच म्हणा) काढा, कागदावर भातशेत आणि फोटोत मातीचा भराव असं निघालं की वहीत नोंद करा.

आता गोम अशी की हिरवं वाढलं म्हणून खूश व्हायचं नाही. बांध फुटला नि कोणी बांधला नाही की खारं पाणी आत येऊन बसतं, मग कोरगुट, म्हणजे खारं पाणी सोसणारं भातसुद्धा तग धरत नाही आणि तिथे खारफुटी येते. खारफुटी वाईट नाही, मासळीची पिल्लं तिथेच वाढतात, काठ धुपत नाही, पण भात गेलं ते गेलंच, आणि खारफुटी तोडायला कायदा आडवा येतो. म्हणजे फायदा संपला नाही, तो शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे गेला. भराव पडला तर मात्र दोन्ही गेलं.

अमावस्या-पुनवेला, भरती लागायच्या वेळी मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांपाशी जा. भरतीच्या दाबाने दारं आपोआप मिटायला हवीत, फळ्या कुजल्या असतील तर फटीतून पाणी आत घुसताना डोळ्यांनी दिसतं.

भरावाचा त्रास लगेच कळत नाही. पाणी मुरायची-साठायची जागा कमी होत जाते आणि कधीतरी मोठा पाऊस नि भरती एकदम आली की वाड्यातलं (वस्तीतलं) पाणी उतरतच नाही. म्हणून दर जुलैत पाणी कुठवर चढलं ते तारीख नि भरतीची वेळ घालून लिहा, आणि एक विहीर ठरवून दर मे महिन्यात त्याच विहिरीच्या पाण्याचं टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजा, मीटर स्वस्तात मिळतो.

मानशीच्या मासळीच्या लिलावाचे जुने आकडे टेनंट असोसिएशनच्या (खाजन कसणाऱ्यांच्या संघटनेच्या) दप्तरात असतात, गोड बोलून मागा. रक्कम वाढली म्हणजे बरं चाललंय असं नाही, काही ठिकाणी मासळीसाठी मुद्दाम जास्त खारं पाणी आत घेतात, तेव्हा त्याच वर्षी भात किती पिकलं तेही शेजारी लिहा.