मंडईतल्या गाण्याची क्लिप वेबसाइटवर टाकण्याआधी

मोबाईल चार्ज, मेमरी रिकामी, हे सांगायला नको. खिशात कोरे कागद, पेन आणि अंगठ्यासाठी स्टॅम्प पॅड ठेवा. दिवाळीनंतर विदर्भातल्या गावांत भरणाऱ्या मंडईतली, म्हणजे जत्रेतली, दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं रेकॉर्ड करून स्वतःच्या वेबसाइटवर चढवायची तर गाडं अडतं ते कागदावर, म्हणजे लेखी परवानगीवर.

सही एकट्या शाहिराची घेऊन भागत नाही. पेटीवाला, ढोलकीवाला, मागून सूर धरणारे झिलकरी, सगळ्यांची हवी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे वाजवणाऱ्यालाही कलावंत म्हणून ५० वर्षं हक्क आहे. शाहीर "टाका ना भाऊ" म्हणून मोकळा होतो आणि पेटीवाल्याला कोणी विचारतच नाही. तंबू उठायच्या आत घ्या. सकाळी तो धान कापायला बांधीत गेला की हाती लागत नाही.

कागदावर गाणं, तारीख, क्लिप किती मिनिटांची, वेबसाइटचा पत्ता. मुदत आणि 'जगभर' हेही लिहाच. मुदत नसली तर परवानगी ५ वर्षांची धरतात, प्रदेश नसला तर फक्त भारतापुरती. आणि वेबसाइट तर दुबईतूनही उघडते.

मग शब्द कोणाचे? कवी गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. तुकोबांचा अभंग मोकळा, पण त्याला आत्ता कोणी नवी चाल लावली असेल तर चाल त्याची. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेली भजनं २०२८ संपेपर्यंत हक्कात आहेत. आपल्याच महाराजांचं भजन आहे, असं म्हटल्यानं परवानगी मिळत नाही. खडी गंमतीत सिनेमाच्या चाली सर्रास येतात. तसलं गाणं सरळ गाळा.

साउंडवाल्याच्या मिक्सरवरून पेनड्राइव्हमध्ये आवाज घेतला असेल तर त्याच्याशीही कागद करा, कारण रेकॉर्डिंग ज्यानं पुढाकारानं केलं त्याचं. आणि हो, पेटीवाल्याची सही झाली का?

"दहा सेकंद चालतात" हे कोणीतरी सोडलेलं पिल्लू आहे. कायद्यात सेकंद कुठंच नाहीत. समीक्षेसाठी तुकडा घेता येतो, पण मग समीक्षा लिहावी लागते. नुसतं 'ऐका, मस्त आहे' ही समीक्षा नाही. धार्मिक कार्यक्रमाची सूट त्या कार्यक्रमात वाजवण्यापुरती, वेबसाइटवर ठेवायला नाही.

कापताना मागं डीजेवर वाजणारं सिनेमाचं गाणं ऐकू येतं का ते हेडफोन लावून तपासा. मूळ फाइल जपा, साइटवर एमपी३. खाली सगळ्यांची नावं, पेटीवाल्याचंही. कागदांचे फोटो क्लिपच्याच फोल्डरमध्ये.

लेखी तक्रार गेली तर होस्टिंगवाला, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर वेबसाइट ठेवली आहे तो, ३६ तासांत क्लिप बंद करू शकतो. तक्रारदारानं २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ती परत सुरू करता येते. तोवर वाद घालू नका, कागद पाठवा.